कोल्हापुरातलं ‘हेवी’चं पॅकेज: पैसे कशाचे आणि मिळतं काय

हेवी लायसनसाठी कोल्हापुरातल्या कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलची पायरी चढा, पहिला शब्द कानावर येतो तो पॅकेज. लर्निंग, ट्रेनिंग, फॉर्म ५ (प्रशिक्षण झाल्याचा शाळेचा दाखला), ट्रायलला गाडी, सगळं त्यात धरलेलं. कागदांपुरतं बोलायचं तर ही सेवा बहुतेक ठिकाणी चोख आहे. अर्ज बिनचूक भरला जातो, तारीख मिळते, ट्रायलच्या सकाळी गाडी उभी असते. शिकवण्याच्या बाबतीत मात्र शाळेशाळेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो बाहेरच्या बोर्डावर दिसत नाही. शाळांची नावं घेऊन कुणाला चार तारे, कुणाला दोन असं करण्यात अर्थ नाही. शिकवणारा वस्ताद सोडून गेला किंवा ट्रक विकला गेला की तीच शाळा सहा महिन्यांत वेगळी होते. तेव्हा परीक्षण पॅकेजचंच करू.

पण आधी हे बघा की तुम्हाला हेवी लागतंय का. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. हे वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आरसीवर लिहिलेलं. मार्केट यार्डातून भाजी नेणारा पिकअप किंवा छोटा हत्ती चालवायचा असेल, तर हेवीच्या पॅकेजवर पैसे घालवायचं कारण नाही. शिरोलीतून कास्टिंग भरून निघणारी दहाचाकी, हंगामातला उसाचा ट्रक, टँकर, एसटी, केएमटी यांपैकी काही डोक्यात असेल तर पुढचं वाचा.

अटी थोडक्यात. वय २० पूर्ण हवं. एलएमव्ही लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. मोटारसायकलचं लायसन कितीही जुनं असलं तरी इथं धरत नाहीत. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. डॉक्टरचा दाखला फॉर्म १-ए मध्ये लागतो, आणि तो ट्रान्सपोर्टसाठी, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांच्या लायसनसाठी, कुठल्याही वयात लागतो. त्यात लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का आणि २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे डॉक्टरनं तपासून लिहायचं असतं. काही ठिकाणी हा दाखला पॅकेजमध्येच ‘करून’ मिळतो, डॉक्टरचं तोंडही न बघता. ती सोय समजू नका. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा लावून चालतं, पण रंगांचा घोळ असेल तर तो पैसे भरण्याआधी कळलेला बरा.

आता पैसे. पॅकेजचा आकडा शाळेगणिक बदलतो, म्हणून एकूण रक्कम विचारू नका, फोड मागा. सरकारी फी ठरलेली आहे: शिकाऊ परवान्याचे १५० रुपये, चाचणीचे ३००, जुन्या लायसनवर नवा वर्ग चढवायचे ५००. वर कार्डाचे आणि टपालाचे थोडे. सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती निघते, ती स्वतःच्या मोबाइलवर घ्या. उरलेली रक्कम शिकवणीची. ती कशाची, हे शाळेनं तासांत सांगितलं पाहिजे. ‘वरचा खर्च’ नावाची ओळ कुणी फोडीत घातलीच, तर त्याची पावती कुठल्या नावानं मिळणार एवढंच विचारा. ओळ बऱ्याचदा आपोआप गळते.

या धंद्याची खरी गोम तासांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रान्सपोर्टचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं हवं, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. शाळा सांगते, ‘रोज एक तास, महिनाभर.’ ऐकायला दुप्पट वाटतं. पण केबिनमध्ये चौघं शिकाऊ बसतात. तासाचे चार भाग केले की वाट्याला १५ मिनिटं स्टिअरिंग, म्हणजे महिन्याला साडेसात तास. नियमाच्या निम्मे. त्यात गाडी यायला उशीर, एखाद्या दिवशी डिझेल भरायला थांबणं, सुट्टीचे वार. प्रत्यक्षात पाच-सहा तासांवर फॉर्म ५ हातात पडला तर नवल नाही.

यावर उपाय शाळेच्याच कपाटात असतो. प्रवेशाची नोंद फॉर्म १४ मध्ये आणि प्रत्येकानं किती वेळ गाडी चालवली याची नोंद फॉर्म १५ मध्ये ठेवणं शाळेवर बंधनकारक आहे. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद आणि शिकाऊची सही. पहिल्याच दिवशी हे रजिस्टर बघायला मागा. चांगली शाळा कौतुकानं दाखवते. ‘सह्या शेवटी एकदम घेऊ’ असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा. रोजच्या रोज, आपल्या हातात स्टिअरिंग होतं तेवढ्याच मिनिटांची सही करायची. केबिनमध्ये दोनच शिकाऊ घेणारी शाळा थोडी महाग पडली तरी तासाच्या हिशेबात स्वस्त पडते.

मग ट्रक बघायला जा, आणि जमलं तर सकाळी, गाडी चालू व्हायच्या आधी. वस्तादाच्या बाजूला दुसरा ब्रेक-क्लच हवाच. नियमात ड्युअल कंट्रोल सांगितलंय. ते पेडल नुसतं लावलेलं आहे की खरोखर ओढतं, हे हातानं दाबून बघा. फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा वाचा. तुमच्या ट्रायलच्या दिवशी गाडीचं पासिंग संपलेलं असेल तर ट्रायल होत नाही, आणि तारीख तुमची जाते, शाळेची नाही.

शाळांकडच्या गाड्या साधारण जुन्या, पाच गिअरच्या सहाचाकी असतात. त्यात वाईट काही नाही. जुन्या गिअरबॉक्सवर हात बसला की नवी गाडी सोपी जाते. पण १ एप्रिल २०२० नंतर विकलेल्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत डिझेलच्या टाकीशेजारी अ‍ॅडब्लूची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाची, निळ्या झाकणाची टाकी असते. ते संपलं की इंजिनाची ताकद मुद्दाम कमी होते. धूर गाळणारा फिल्टर तुंबला की डॅशवर दिवा लागतो. जुन्या ट्रकवर हे कधीच दिसत नाही, आणि पहिल्याच नोकरीत पोरं ‘गाडी ओढत नाही’ म्हणून मालकाला फोन लावतात. निदान तोंडी शिकवा असं शाळेला सांगायला हरकत नाही.

वस्ताद कसा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. चांगला माणूस तुम्हाला लगेच सीटवर चढवत नाही, आधी गाडीभोवती फिरवतो. टायरला टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकून आवाज ऐकायला लावतो, कारण हवा असलेला टायर टणटण बोलतो आणि बसलेला ठप्प. मागच्या जोडचाकात दगड अडकलाय का ते वाकून बघायला लावतो. खडी क्रशरकडं जाऊन आलेल्या गाडीत हे हमखास असतं. तो दगड वेगात सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यात, आणि नाही सुटला तर दोन्ही टायरच्या कडा खातो. मग ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचा ड्रेन उघडून पाणी काढायला लावतो. पावसाळ्यात एवढं पाणी निघतं की पहिल्यांदा बघणारा बिचकतो. हेच पाणी ब्रेकच्या वाल्व्हमध्ये गेलं की ब्रेक चिकटतो किंवा उशिरा लागतो.

त्यानंतर इंजिन चालू करून गाडी उभी. नुसती उभी. डॅशवरचा हवेचा काटा शून्यापासून वर चढेपर्यंत बझर कोकलत राहतो, आणि हाच कोर्सचा पहिला खरा धडा आहे. कारच्या ब्रेकला तेल ढकलतं, इथं हवा. स्प्रिंग ब्रेकच्या गाडीत तर हवा नसेल तेव्हा हँडब्रेक आपोआप लागलेला असतो. आतली जाड स्प्रिंग चाक धरून ठेवते, आणि पुरेशी हवा आल्याशिवाय ती सोडत नाही. बझर बंद व्हायच्या आधी गिअर टाकून गाडी रेटायची सवय लागली की ब्रेकचे लायनर जळतात. काटा आठ बारच्या आसपास गेला की ‘फुस्स’ असा आवाज येतो, म्हणजे टाकी भरली, जादा हवा बाहेर. आता इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि काट्याकडं बघा. काटा हळूहळू पडत राहिला तर कुठंतरी गळती आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती रोज करून घेणारी शाळा असेल तर बाकी चौकशा कमी केल्या तरी चालतील.

गिअरबद्दल भांडण जुनंच आहे: डबल क्लच शिकवायचा की नाही. गिअरचा वेग आपोआप जुळवणाऱ्या नव्या सिंक्रोमेश बॉक्सला त्याची गरज नाही हे खरं. पण शाळेच्या ट्रकवर शिकून घ्यावा, कारण त्यात कानाला सवय लागते. खाली गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनला थोडी रेस द्या, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. रेस कमी पडली तर खर्रर्र. जास्त झाली तरी खर्रर्र. कारवाल्यांची नेहमीची खोड म्हणजे गिअर आत ढकलत बसणं. वस्ताद हातावर फटका मारतो ते बरोबरच. दुसरी खोड क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणं. कारमध्ये ती खपते, ट्रकमध्ये क्लचप्लेटचा खर्च मालकाच्या डोळ्यात पाणी आणतो.

वळण हा दुसरा मोठा विषय. ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापतात, आणि चाकांमधलं अंतर जितकं लांब तितकी जास्त. म्हणून डावीकडं वळताना पुढचा भाग कोपऱ्याच्या बराच पुढं नेऊन मग स्टिअरिंग फिरवायचं, आणि फिरवताना नजर डाव्या आरशात, मागच्या चाकावर. त्या सापटीत घुसणारे दुचाकीवाले कोल्हापुरात कमी नाहीत. चांगल्या शाळा सुरुवातीचे दिवस मोकळ्या मैदानात, मग भल्या पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर, आणि नंतरच शहराच्या कडेनं गाडी आणतात. पहिल्या दिवशी थेट कावळा नाक्याच्या गर्दीत घालणारा वस्ताद धाडसी नसतो, त्याला डिझेल वाचवायचं असतं.

रिव्हर्सला मागं उभं राहायला माणूस लागतोच. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी उभी, एवढा एकच नियम पाळायचा. ‘येऊ द्या, येऊ द्या’ ऐकून जाणारे शेवटी भिंतीतच जातात. गाडीच्या अंगावर एक थाप पडली की थांबायचं हे आधीच ठरवून घ्या.

पॅकेजचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे चढ-उतार आणि भरलेली गाडी. बहुतेक शाळा रिकामा ट्रक सपाटीवर फिरवतात आणि फॉर्म ५ देतात. आपल्या जिल्ह्यातून कोकणात उतरायचं म्हटलं की करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली यांतला एक घाट आलाच. रिकाम्या ट्रकचा ब्रेक जोरात दाबला तर मागची चाकं धरतात आणि गाडी उड्या मारते, भरलेल्या ट्रकला तोच ब्रेक अपुरा पडतो. दोन्हींचा पाय वेगळा. शाळेला विचारा, निदान वाघबीळच्या चढापर्यंत नेणार का? वाळूची पोती किंवा खडी भरून एखादी फेरी होणार का? ‘डिझेलचे जादा द्या’ म्हणाले तर द्या. पॅकेजमधला हा सगळ्यात वसूल होणारा पैसा.

उतारावर शिकायचं ते एवढं: ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबलेला ब्रेक तापतो, लायनरला वास सुटतो, आणि पुढं पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून इंजिनच बंद करणारे तर याहून पुढचे. इंजिन बंद केलं की हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि टाकीत उरलेल्या हवेवर दोन-चार ब्रेक. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) असलेल्या गाडीत तो गिअरमध्ये आणि क्लच सोडलेला असतानाच काम करतो, हेही वस्तादानं करून दाखवायला हवं. नुसतं बटण कुठं आहे ते सांगून भागत नाही.

ट्रायलची तयारी शाळा चांगली करून घेतात, कारण त्यांचं नाव त्यावर चालतं. लर्निंग निघाल्यावर ३० दिवसांनी ट्रायल देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं, त्यामुळे महिना भरत आला की स्लॉटच्या मागं लागा. निरीक्षक बघतात ते साधंच असतं. सीटबेल्ट लावला का, निघण्याआधी दोन्ही आरसे बघितले का, इंडिकेटर वळणाच्या आधी दिला की वळताना, रिव्हर्समध्ये गाडी रेषेत राहिली का, चढावर थांबून निघताना मागं घरंगळली का. इंजिन बंद पडलं तर घाबरून पुन्हा स्टार्टर मारू नका. हँडब्रेक, न्यूट्रल, मग स्टार्ट. या क्रमात डोकं शांत आहे हे दिसतं. चप्पल घालून जाऊ नका, जड क्लचवर ती सरकते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा झालात तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबायचं, आणि मधल्या काळात उजळणीचा कोर्सही करावा लागतो. दुसऱ्या ट्रायलला गाडीचे पैसे वेगळे का, हे पॅकेज घेतानाच लिहून घ्या. वाद इथंच होतात.

बससाठी हेवी काढणाऱ्यांची एक गफलत होते. लायसनवर वर्ग ट्रान्सपोर्टचाच चढतो, पण शाळेकडं शिकवायला ट्रकच असतो. बसचा अंदाज निराळा. बहुतेक बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्याही पुढं बसतो, म्हणून वळण ट्रकपेक्षा उशिरा घ्यावं लागतं, आणि वळताना मागची शेपूट उलट्या बाजूला बाहेर येते. मागच्या चाकाच्या मागं लोंबणारा भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, तेव्हा शेपूट किती फिरेल याचा विचार करा. शिवाय आत उभी माणसं. एका घंटीला थांबायचं आणि दोन घंट्यांना निघायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण म्हातारं माणूस दांडी धरेपर्यंत क्लच हळू सोडायचा हे ट्रकवर कोण शिकवणार? प्रवासी वाहनासाठी आरटीओचा बिल्लाही लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तिला वेळ जातो. एसटीच्या भरतीची जाहिरात आल्यावर बिल्ल्याच्या मागं धावणारे दरवेळी मागं राहतात. एसटी वाहन चालवण्याची चाचणी स्वतः घेते आणि अनुभवही मागते, म्हणजे ताजं लायसन घेऊन थेट बसच्या सीटवर बसता येत नाही.

पॅकेजला दुसरा पर्याय मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा, २०२१ च्या नियमांतला. तिथं हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत, सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असलेला. तिथलं फॉर्म ५-बी प्रमाणपत्र असेल तर आरटीओची वेगळी ट्रायल द्यावी लागत नाही. हल्ली साध्या शाळाही ‘मान्यताप्राप्त’ असा बोर्ड लावतात. मान्यता शाळा चालवण्याची असते, या केंद्राची नव्हे, म्हणून ‘५-बी देता का’ हाच प्रश्न विचारायचा. उत्तर ‘तेच हो, पाच नंबरचा फॉर्म’ असं आलं तर ती साधी शाळा.

आता निवाडा. आधी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप चालवून हात तयार असलेल्याला कोल्हापुरातलं साधं पॅकेज पुरतं, फक्त चढाच्या दोन फेऱ्या जादा घ्याव्यात. नुसत्या कारवरून येणाऱ्यानं दोन शिकाऊंची बॅच आणि लिहून दिलेले १५ तास याखाली तयार होऊ नये. आणि ज्याला घरातली गाडी ताब्यात घ्यायची आहे, त्यानं कोर्स झाल्यावर एक हंगाम तरी जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसावं. एवढं कुठलीच शाळा शिकवत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या शाळेपासून जरा लांबच राहावं.

लायसन हातात आल्यावर कार्डवर दोन तारखा दिसतील. खासगीची लांबची, ट्रान्सपोर्टची पाच वर्षांची. मोबाइलमध्ये दुसरी टाका. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रायल. गॅस, पेट्रोल किंवा रसायनाच्या टँकरवर जायचं असेल तर तीन दिवसांचा धोकादायक मालाचा वेगळा कोर्स आणि लायसनवर त्याची वेगळी नोंद लागते, आणि तिची मुदत पाच नव्हे, तीन वर्षं.